बोंड्याची सोबत

कुत्रं कुणाचं, हा प्रश्न मोहरीलांच्या घरात नऊ वर्षांत कुणाला पडला नव्हता. विकत घेतल्याची पावती संहिता मोहरीलच्या नावाची, मानेत टोचलेली चिप तिच्याच नावाची, आणि कॅस्पर हे नावही तिनेच ठेवलेलं. प्रश्न विचारला तो नागपूर विमानतळाच्या मागल्या बाजूच्या एका खोलीतल्या यंत्राने. नुसतं विचारून ते गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, पण त्याने उत्तरही दिलं.

"सोबती क्रमांक दोन," पडद्यावरचं वाचत डॉ. हटवार म्हणाले. विमानाने जाणाऱ्या जनावरांची तपासणी करणारे ते सरकारी डॉक्टर. "रत्नमाला मेश्राम. ह्या कोण?"

रत्नमाला दाराशी कुत्र्याचं पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. जनावराला हात लावणाऱ्या घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, असं अर्जात म्हटलं होतं, म्हणून संहिताने आपल्या नावाखाली तिचं नाव लिहिलं होतं. नातं या रकान्यात लिहिलं होतं, 'कामवाली'.

"काहीतरी चुकतंय," संहिता म्हणाली. "ती आमच्याकडे फरशी पुसते."

"यंत्राला फरशीचं काही कळत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा लावून बघू?"

पुन्हा लावलं. पुन्हा तेच आलं.

हे यंत्र काय करतं, ते इथेच सांगून टाकावं. आंधळ्यांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास करताना काही शास्त्रज्ञांच्या ध्यानात आलं की भ्यालेलं कुत्रं शांत होतं ते खाण्याने नव्हे, गोंजारण्यानेही नव्हे. ते शांत होतं एका ठरावीक माणसाच्या वासाने. पिल्लू असतानाच त्याच्या मेंदूत एखाद्या माणसाचा वास 'इथे आपल्याला काही होणार नाही' या अर्थाने कोरला जातो. तो वास नाकात शिरला की अर्ध्या मिनिटात हृदयाचे ठोके सैलावतात आणि श्वासातून बाहेर पडणारी भीतीची रसायनं निम्म्यावर येतात. मांजरांचंही तसंच असतं, फक्त मांजरं ते कबूल करायला जास्त वेळ घेतात. 

हा शोध बरीच वर्षं कागदावरच पडून होता. मग लांबच्या पल्ल्याच्या एका विमानात, ढगांत हादरे बसत असताना, एक मोठं कुत्रं पिंजरा फोडून प्रवाशांत शिरलं. सातजण जखमी झाले, एका हवाईसेविकेचा हात कायमचा गेला. त्यानंतर देशोदेशींनी मिळून नियम केला. जनावराला विमानात माणसांबरोबर बसायचं असेल, तर त्याचा 'सोबती' बरोबर हवा, आणि सोबती कोण ते यंत्र ठरवणार. बाकीची जनावरं खाली सामानाच्या कोठारात.

यंत्र म्हणजे एक काचेची पेटी. जनावराला आत बसवायचं, हवा विमानातल्याइतकी विरळ करायची, इंजिनाची घरघर सोडायची, तळ हलवायचा. ते घाबरलं की एकेका माणसाच्या अंगावरची हवा नळीने आत सोडायची, मग त्याचा आवाज ऐकवायचा, मग पडदा सरकवून त्याला दाखवायचं. वास, आवाज, रूप. पडद्यावर भीतीची रेषा चढते-उतरते. संहिताच्या वासाने ती जिथल्या तिथे राहिली होती. रत्नमालाची हवा पेटीत पुरती शिरायच्या आतच रेषा मटकन खाली बसली.

"डॉक्टरसाहेब," रत्नमाला म्हणाली, "मले त्या कागदाची एक कॉपी भेटन का?"

डॉक्टरांनी दिली. संहिताच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या तिथेच.

गाडी वर्धा रोडवर आल्यावर ती म्हणाली, "तू त्याला माझ्यामागे काही खाऊ घालतेस का?"

"घालतो नं मॅडम. दोन टाइम. तुमीच सांगता घालाले."

यात खोटं काही नव्हतं. संहिता एका औषध कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती, सकाळी आठला जाई आणि अंधार पडल्यावर परत येई. पिल्लू आणलं त्याच आठवड्यात त्याला हगवण लागली, तेव्हा त्याच्या घशात चमच्याने पाणी ओतत बसली रत्नमाला. कापसाचं बोंड उकलल्यासारखं ते पांढरंफेक दिसायचं, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं बोंड्या. कॅस्पर म्हटलं की तो कान हलवायचा, बोंड्या म्हटलं की धावत यायचा. दिवाळीतले फटाके त्याने नऊ वर्षं तिच्या पदराखाली बसून ऐकले. घरातल्या सोफ्यावर बोंड्याची एक बाजू ठरलेली होती. रत्नमाला त्या सोफ्यावर कधी बसली नव्हती. तिचा चहाचा स्टीलचा कप मागच्या गॅलरीत, फिनाइलच्या डब्याशेजारी असायचा. तो घरातल्या भांड्यांत कधी मिसळत नसे. यावर त्या घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता, कारण अशा गोष्टी बोलून होत नसतात.

म्हणूनच त्या कागदाने रत्नमालाला जो आनंद झाला, तो काही फार सज्जन आनंद नव्हता. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन गोंदियाला, इंदोरा वस्तीतल्या खोलीत ती एकटी. घरी जाऊन तिने तो कागद चारदा वाचला आणि मोठ्याने हसली. नऊ वर्षं पुसलं, धुतलं, उचललं, आणि आता सरकारी शिक्क्यानिशी कुणीतरी सांगत होतं की त्या घरातली एक गोष्ट तिची आहे. मॅडमचं तोंड आठवून तिला पुन्हा हसू आलं.

संहिताचा नवरा आधीच हेलसिंकीला जाऊन घर लावत होता. तिला महिन्याभरात निघायचं होतं, तीन वर्षांसाठी. नियम असा की सोबत्याने जनावराबरोबर जायचं आणि परक्या देशात तीस दिवस त्याच्याजवळ राहायचं. तिसऱ्या दिवशी संहिताने रत्नमालाला हॉलमध्ये बोलावलं.

"तुझा पासपोर्ट तातडीने काढून देते. तू चल. महिनाभर राहा आणि परत ये."

"मी काऊन येऊ?"

"काऊन म्हणजे? त्याच्यासाठी."

"त्याले काय, इथं माझ्यापाशी ठेवा नं. तीन वर्षांनी याल तेव्हा घेऊन जाजा."

"माझा कुत्रा तुझ्या खोलीत?" संहिता म्हणाली. "रत्ना, ज्याची पोळी खायची त्याच्याशी इमान राखावं एवढी अक्कल त्याला नाही, ते समजू शकते मी. तुला तरी असावी."

"त्याची पोळी मी करतो, मॅडम," रत्नमाला म्हणाली आणि भांडी घासायला आत गेली.

इथे रत्नमाला चुकली. तिला वाटलं हुकमाचा एक्का आपल्या हातात आहे. आपण जायचं नाही म्हटलं की कुत्रं इथेच राहील, असा तिचा साधा हिशेब. बाईचा स्वभाव नऊ वर्षं जवळून पाहूनही तिने तो हिशेबात धरला नाही. संहिताच्या धाकट्या बहिणीने आईचं शिवणयंत्र मागितलं होतं, तेव्हा संहिताने ते तिला द्यायच्या ऐवजी भंगारवाल्याला बोलावून देऊन टाकलं होतं, आणि जिन्यावरून ते यंत्र खाली उतरवू लागणारी बाई रत्नमालाच होती.

आठवड्याने संहिता म्हणाली, "आज नेसलीस ती साडी उद्या घेऊन ये. धुऊ नकोस."

"कायले?"

"सांगितलं तेवढं कर."

रत्नमालाने साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणली. संहिताने बेडरूमचं दार लावून घेतलं, कुर्ता वर धरला आणि पाठमोरी उभी राहिली. "गुंडाळ. दिसता कामा नये."

रत्नमालाने आपली मळकी साडी मॅडमच्या गोऱ्या पोटावरून चार वेळा फिरवली आणि मागे गाठ मारली. जिचा कप वेगळा, तिच्याच घामाची साडी आता बाई अंगाला लावून उभी होती. आरशात दोघींची नजरानजर झाली आणि दोघींनाही ते एकदमच कळलं.

"कसला वास येतोय," संहिता म्हणाली.

"यायलेच पायजे, मॅडम. त्याच्यासाठीच तं आणली."

संहिताने आरशातून तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर तिने काम सोडलं असतं. रत्नमालाने गाठ आणखी जरा घट्ट आवळली.

दुसऱ्या चाचणीला तिला आत घेतलं नाही. ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आधी बराच वेळ शांतता होती. मग संहिताचा आवाज ऐकू आला, "कॅस्पर, कॅस्पर बेटा." आणि मग बोंड्याचं रडणं सुरू झालं. ते भुंकणं नव्हतं. नऊ वर्षांत तिने त्याच्या तोंडून तसला आवाज ऐकला नव्हता. ती उठून दारापर्यंत गेली, पण दार आतून बंद होतं.

पुढचं सारं तिला दार उघडल्यावर डॉक्टरांच्या बोलण्यातून कळलं. वास येताच रेषा खाली आली होती. आवाज ऐकून गोंधळली. पडदा सरकला, ओळखीच्या वासाच्या जागी बोंड्याला भलतंच माणूस दिसलं, आणि तो पेटीच्या कानाकोपऱ्यांत रत्नमालाला शोधत सुटला. मग त्याला पेटीतच लघवी झाली आणि रेषा पडद्याच्या बाहेर गेली.

"अंगावर काय गुंडाळलंय ते मी विचारत नाही," डॉ. हटवार संहिताला म्हणाले. हे करणारी ती पहिली नसावी. "पण ही दुसरी संधी गेली. तिसरी शेवटची. त्यानंतर हा फक्त खालच्या कोठारातून जाऊ शकेल, आणि ते मला अडवता येत नाही. पण एक सांगतो. याच्या हृदयाची झडप गळते आहे. चौदा तास एकट्याने, अंधारात, हा असाच घाबरला तर पोचणार नाही."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. घरी आल्यावर संहिताने साडी पिशवीत घालून गॅलरीत टाकली आणि तासभर आंघोळ केली. बोंड्या रत्नमालाच्या पायांवर डोकं ठेवून पडून राहिला, जणू ती पुन्हा हरवेल.

चार दिवसांनी संहिताने रजा घेतली. दुपारी तिने रत्नमालाला समोर बसायला सांगितलं. सोफ्यावर. रत्नमाला बसली नाही.

"तोडणी म्हणतात त्याला," संहिता म्हणाली. "जगभर लोक चोरून करतात. मेंदूत कोरलेला वास पुसता येतो. त्याच वासाबरोबर तीन-चार दिवस मार बसला, तर त्या वासाचा अर्थ उलटा होतो. आणि मार बसत असताना ज्याने उचलून घेतलं, त्याचा वास पहिल्याच्या जागी जाऊन बसतो. उंदरांवर झालंय हे. नंतर बंदी आली."

"मंग?"

"दुसऱ्या कुणी मारून उपयोग नाही. तू मारायचं. मी उचलून घ्यायचं."

रत्नमालाला आधी नीट समजलंच नाही. समजलं तेव्हा ती म्हणाली, "तुमी माणूस हा का कोण हा?"

"मग येत होतीस का तेव्हा?" संहिताचा आवाज चढला. "चल म्हटलं होतं तुला. पासपोर्ट काढून देते म्हटलं होतं. तुला मस्ती आली होती. कागद मागतेस माझ्यासमोर!"

"येतो मी. आता येतो. कुठी सही करू सांगा."

"आता पासपोर्टाला दिवस उरले नाहीत. आणि उरले असते तरी नको होतीस तू मला. तिथे उतरल्यावरही तो तुझ्याच मागे फिरणार. मला माझा कुत्रा हवाय."

"इथं ठेवा त्याले. पाया पडतो तुमच्या."

संहिताने फोन उचलून तिच्यासमोर धरला. खालच्या कोठारातल्या पिंजऱ्याची जागा राखून ठेवलेली होती. कॅस्पर मोहरील, वय नऊ, वजन सहा किलो. "माझ्या मांडीवर बसून जाईल, नाहीतर यातून जाईल. तुझ्या खोलीत राहणार नाही."

"थो मरन त्याच्यात. डॉक्टरनं सांगतलं नं तुमच्या तोंडावर."

"सांगितलं." संहिता खिडकीकडे वळली. "आई गेली तेव्हा आणलं मी त्याला. मी दार उघडते तेव्हा तो धावत येतो, रोज येतो. आणि माझ्या पायांमागे बघतो, तू आलीस का म्हणून. नऊ वर्षं बघते आहे मी ते. मला यंत्राची गरज नव्हती, रत्ना."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, आणि रत्नमालाला तिची दया आली नाही. तिला जिन्यावरून उतरवलेलं ते शिवणयंत्र आठवलं. ही बाई करेल. रडत रडत करेल, पण करेल.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"आत्तापासून."

पहिल्या दिवशी तिने मारलं ते मारणं नव्हतंच. बोंड्याला तो खेळ वाटला. तो पुढचे पाय पसरून शेपूट हलवत भुंकला. "अशाने काही व्हायचं नाही," संहिता म्हणाली. काठी चालणार नव्हती, हाताचा वास लागायला हवा होता. दुसऱ्या दिवशी रत्नमालाने दात आवळले आणि हात उचलला. बोंड्या केकाटला, मागे सरला, तिच्याकडे पाहत राहिला. आणि मग सरपटत सरपटत तिच्याच मांडीत शिरला, कारण दुखलं की तिथे जायचं एवढंच त्याला येत होतं.

"अजून एक," संहिता म्हणाली.

रत्नमालाने त्याला मांडीतून खाली ढकललं आणि मारलं. तिसऱ्यांदा तो तिच्याकडे आला नाही. संहिताने त्याला झडप घालून उचललं, छातीशी धरलं, कलेजीचा तुकडा भरवला, कानात काहीबाही पुटपुटली. रत्नमाला मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडून उभी राहिली.

घरी जाऊन तिला जेवण गेलं नाही. तिने उजवा हात साबणाने धुतला, तिखटाने चोळावा तसा चोळला. मुलीला फोन लावला आणि दुसरंच काहीतरी बोलून ठेवून दिला. सांगणार काय होती? संतापाने तिचा जीव जळत होता, आणि त्यातला अर्धा संताप स्वतःवरच होता. त्या दिवशी हॉलमध्ये 'मी काऊन येऊ' म्हणताना तिला किती गोड वाटलं होतं, ते तिला आठवत होतं.

पाचव्या दिवशी तिने बेल वाजवली तेव्हा आत नखांची धावपळ ऐकू आली. दरवेळी ती धावपळ दाराकडे येत असे. या वेळी ती दारापासून लांब गेली. संहिताने दार उघडलं. बोंड्या सोफ्याखाली होता, नाक भिंतीकडे करून.

"झालं," संहिता म्हणाली.

रत्नमालाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनात जे आलं ते तिने बोलून दाखवलं नाही, पण संहिता एक पाऊल मागे सरकली.

तिसरी चाचणी जाण्याच्या आदल्या दिवशी होती. सोबती बदलला असेल तर जुन्या सोबत्यालाही हजर राहावं लागे, कारण चोरलेली कुत्री लोक असंच नेऊ पाहत. नव्या माणसाची रेषा जुन्या माणसापेक्षा बरीच खाली यायला हवी, नाहीतर नापास. पेटीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या होत्या. संहिता उजवीकडे बसली, रत्नमाला डावीकडे. दोघींच्या आणि पेटीच्या मध्ये अजून पडदे होते.

घरघर सुरू झाली, तळ हलू लागला, रेषा चढली. आधी संहिताची हवा सोडली. रेषा घुटमळली आणि खाली आली. फार नाही, पण आली. आवाज, रूप. ती टिकली.

"बरं आहे," डॉ. हटवार म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठी होती. "आता जुन्या सोबती."

रत्नमालाच्या अंगावरची हवा नळीत ओढली गेली. पडद्यावर रेषा ताडकन उभी राहिली. संहिताने सुस्कारा सोडला. पण रेषा तिथे राहिली नाही. थोडी थरथरली आणि उतरायला लागली, हळूहळू. नऊ वर्षांचं कोरलेलं चार दिवसांत पुसलं नव्हतं. वरवर खरवडलं गेलं होतं, एवढंच.

"नाव घ्या त्याचं," डॉक्टर म्हणाले.

तिने ठरवलं होतं, खेकसायचं. पण घशातून आलं ते रोजच्यासारखंच आलं. "बोंड्या."

रेषा संहिताच्या खुणेपर्यंत आली. मग तिच्याही खाली गेली.

पडदा सरकला. बोंड्या काचेपलीकडे उभा होता. कान पाडलेले, पोट जमिनीला टेकलेलं, आणि शेपटीचं टोक मात्र हलत होतं. तो एक पाय पुढे टाकी आणि थांबे. मग त्याने काचेला नाक लावलं आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या श्वासाने काचेवर वाफ धरली.

त्या अर्ध्या मिनिटात रत्नमालाला हवं होतं ते सगळं तिच्या समोर होतं. तो तिचा होता. चार दिवस मार खाऊनही तिचाच होता, आणि यंत्र पुन्हा एकदा ते छापून देणार होतं. तिने नुसतं बसून राहायचं होतं. तिने पेटीवरून पलीकडे संहिताकडे पाहिलं. कदाचित शेवटच्या क्षणी ही बाई पाघळेल, म्हणेल, राहू दे तुझ्याकडे. संहिताच्या मांडीवर फोन होता आणि पिंजऱ्याच्या जागेचा कागद त्यावर उघडा होता. तिने तो लपवलाही नव्हता. सुंभ जळेल, पण पीळ जायचा नाही. बोंड्या उद्या विमानात बसणार होता, वर किंवा खाली, एवढंच ठरायचं होतं.

रत्नमालाने त्याच्या डोळ्यांत बघत उजवा हात वर उचलला.

बोंड्या जमिनीला चपटला. मग असा उसळला की काचेवर आदळला. रेषा पडद्याच्या टोकाला गेली. त्याच वेळी, शेवटी जनावराला नव्या सोबत्याकडे जाऊ द्यायचं या नियमाप्रमाणे, पेटीचं संहिताच्या बाजूचं दार उघडलं आणि तो त्यातून सुटून थेट तिच्या मांडीवर जाऊन पडला. तिच्या कुर्त्यात त्याने तोंड खुपसलं. रेषा खाली यायला लागली.

रत्नमालाचा हात अजून वरच होता.

"हात खाली घ्या, बाई," डॉ. हटवार म्हणाले.

तिने घेतला. डॉक्टरांनी एकदा संहिताकडे पाहिलं, एकदा तिच्या मांडीवरच्या फोनकडे. त्यांच्या टेबलावर हिरव्या शिक्क्याशेजारी एक लाल शिक्का होता, तोडणीचा संशय आल्यावर मारायचा. तो मारला असता तर कुत्रं जप्त झालं नसतं, खालच्या कोठारात गेलं असतं. त्यांनी हिरवा शिक्का उचलला, मारला आणि कागद सरकवला.

"न्या," ते म्हणाले. "आणि पुन्हा माझ्यासमोर येऊ नका."

बाहेरच्या लांबलचक बोळात संहिता थांबली. बोंड्या तिच्या काखेत शिरून थरथरत होता. ती रत्नमालाकडे वळली. ती म्हणाली, "तुझी साडी गॅलरीतच आहे. घेऊन जा."

"थो तुमच्यापाशी नाही आला, मॅडम," रत्नमाला म्हणाली. "माझ्यापासून पळाला. त्या मशीनले त्याच्यातलं काही समजत नाही. तुमाले समजन."

संहिताचा चेहरा कठीण झाला. तिने कुत्र्याला आणखी जवळ ओढलं.

"पळून का होईना," ती म्हणाली, "माझ्याकडे आला."

ती चालू लागली. बोळाच्या टोकाला बाहेरचं दार होतं, आणि तेवढी एकच वाट होती. रत्नमाला जागची हलली नाही. तिच्या डोक्यावरच्या जाळीतून गार हवा येत होती आणि बोळातून संहिता गेली त्या बाजूला वाहत होती. रत्नमालाने ते पाहिलं, ती दोन पावलं मागे सरली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पदर तिने अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला.

डॉ. हटवार खोलीला कुलूप लावून बाहेर आले. "जा ना, बाई. झालं सगळं. थांबलात कशाला?"

"त्याले जाऊ द्या पहिले, डॉक्टर," ती म्हणाली. "इकडचा वारा तिकडं जाऊन राहिला."